माझाच लेख वाचून मी टायर बदलला!

खरं सांगा, तुमच्या गाडीच्या मागच्या टायरचा साइज तुम्हाला न बघता सांगता येईल? चपलेचा नंबर आपल्याला पाठ असतो. कुर्त्याचा, अंगठीचा, फार काय, नवऱ्याच्या शर्टाचाही पाठ असतो. पण ज्या दोन टायरांवर आपण रोज सगळं घरदार बसवून फिरतो, त्यांचा नंबर विचारला की आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

मलाही येत नव्हता. गंमत म्हणजे, त्याच विषयावर मी एक मोठा लेख लिहून मोकळी झाले होते!

मी मूळची कोल्हापूरची. इंग्रजीत बीए केलं आणि कंटेंट रायटरच्या नोकरीसाठी तीन वर्षांपूर्वी चेन्नईला आले. वेळाचेरीत दोघी मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. कंटेंट रायटर म्हणजे काय, हे माझ्या आजीला अजून कळलेलं नाही. मी तिला सांगते, "आजी, लोक मोबाइलवर जे वाचतात ना, ते मी लिहिते." सकाळी केसगळतीवर, दुपारी गृहकर्जावर आणि संध्याकाळी मोटरसायकलच्या टायरवर. विषय येतो, आपण चार ठिकाणी वाचतो, पाचव्या ठिकाणी लिहितो. कामच तसं आहे.

तर असाच एकदा विषय आला, बाइकसाठी रुंद टायर. मी बसल्या जागी बाराशे शब्द लिहिले. रुंद टायरने पकड वाढते, वळणावर भरवसा येतो, गाडी दिसतेही दणकट. वाक्यं छान जमली होती. क्लायंट खूश झाला. टायरला मात्र मी तोपर्यंत कधी हातसुद्धा लावलेला नव्हता.

पप्पांची पल्सर चेन्नईला आली

माझ्याकडे जी गाडी आहे ती मुळात पप्पांची. काळी पल्सर १५०, २०११ ची, नंबर एमएच ०९ चा. पप्पा एसटीत मेकॅनिक होते आणि नोकरीची बरीचशी वर्षं त्यांनी टायर विभागातच काढली. लहानपणी त्यांच्या शर्टाला कायम रबराचा वास यायचा. आई म्हणायची, "साबण संपतो, पण ह्यांचा वास संपत नाही." निवृत्तीनंतर गुडघे दुखायला लागले, किक-बिक जमेना, आणि एक दिवस पप्पांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. धाकट्याच्या नाही, माझ्या. "ती एकटी राहते तिकडं. रात्री-अपरात्री रिक्षा कुठं शोधत बसंल?" एवढंच म्हणाले.

गाडी पुण्याहून रेल्वेच्या पार्सलने आली. टाकीतलं पेट्रोल काढून, गोणपाटात गुंडाळून. आरटीओची कागदपत्रं करताना नाकी नऊ आले, ते पुन्हा कधीतरी. पण पहिल्यांदा मी ती गाडी घेऊन बेझंट नगरच्या समुद्रावर गेले तेव्हा परक्या गावात आपलं कोणीतरी सोबत आल्यासारखं वाटलं.

दीड वर्षाने मागचा टायर गुळगुळीत झाला. बदलायची वेळ आली. आणि मी काय केलं असेल? पप्पांना फोन? छे! मी माझाच लेख उघडला.

गाडीचा मूळ टायर होता १००/९०-१७. मी ठरवलं, १३०/७०-१७ घालायचा. गणितही करून पाहिलं. जुन्या टायरची उंची भरली ६१२ मिलिमीटर, नव्याची ६१४. फक्त दोन मिलिमीटरचा फरक! मला केवढा अभिमान वाटला. घराजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "बसेल, पण टाइट बसेल." बसवला. पैसे दिले. गाडी मागून एकदम रुबाबदार दिसायला लागली. फोटो काढून धाकट्याला पाठवला. त्याचा लगेच मेसेज, "दीदी, एक नंबर!"

पप्पांना फोटो पाठवला नाही. का नाही, ते आता कळतंय. आतून कुठेतरी माहीत होतं, की ते काहीतरी विचारणार.

त्या शनिवारी

चेन्नईत खरा पाऊस जून-जुलैत नसतो. आपल्याकडे पाऊस परततो तेव्हा तिकडे सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. आणि वेळाचेरी म्हणजे पाणी तुंबणारच. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या पावसाचा इशारा आला, तेव्हा लोकांनी आपल्या गाड्या आधीच वेळाचेरीच्या उड्डाणपुलावर नेऊन लावल्या होत्या. तुम्ही बातम्यांत ते फोटो पाहिले असतील. २०१५ च्या पुराची आणि २०२३ च्या डिसेंबरमधल्या मिचौंग वादळाची आठवण इथल्या प्रत्येक घरात आहे. त्यामुळे चेन्नईत टायर निवडायचा तो ओल्या रस्त्यासाठी, हे मला कळायला हवं होतं.

पप्पा दिवाळीनंतर आठवडाभर राहायला आले होते. शनिवारी सकाळी पाऊस उघडला म्हणून म्हटलं, चला, तुम्हाला अष्टलक्ष्मीचं देऊळ आणि समुद्र दाखवते. पप्पा मागे बसले. पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून आवाज आला, खर्रर्र. पप्पा म्हणाले, "काय घासतंय गं?" मी म्हटलं, "काही नाही, मडगार्ड असेल." दुसऱ्या स्पीडब्रेकरला पुन्हा खर्रर्र. या वेळी पप्पा काही बोलले नाहीत. पप्पा गप्प बसले की समजायचं, ते ऐकतायत.

अड्यारकडून आत वळताना पुढे एक सायकलवाला आडवा आला. मी ब्रेक दाबला, नेमका झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर. मागचं चाक सरकलं. एका क्षणात गाडी डाव्या अंगावर आडवी आणि आम्ही दोघं रस्त्यावर. वेग फार नव्हता, म्हणून वाचलो. मागची रिक्षा आमच्यापासून दोन हातांवर येऊन थांबली होती. ते अंतर मी अजून विसरलेले नाही.

माझा कोपर खरचटला. पप्पांचा गुडघा, तोच दुखरा, जोरात आपटला. रिक्षावाले काका उतरले, त्यांनी आधी पप्पांना हात दिला, मग गाडी उचलली, पाण्याची बाटली दिली आणि जाताना म्हणाले, "पार्त्तु पोंगा, मा." म्हणजे सांभाळून जा, बाई.

मला रडू येत होतं. पप्पांच्या पँटला गुडघ्यापाशी भोक पडलं होतं आणि आत लाल दिसत होतं. आणि ते काय करत होते? लंगडत गाडीच्या मागे गेले, वाकले, आणि तळहात टायरवरून फिरवला. जसा एखादा डॉक्टर पोटावरून हात फिरवतो, तसा. मग टायरच्या बाजूचे आकडे वाचले. मग रिमवरचे वाचले.

"कुणी सांगितलं गं तुला हा घालायला?"

"वाचलं होतं, पप्पा."

"कुठं?"

मी दोन मिनिटं गप्प. मग म्हटलं, "मीच लिहिलं होतं."

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आणि लिहिणारीनं कुठं वाचलं होतं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.

पप्पांनी शिकवलेला धडा

घरी येऊन गुडघा धुतला, मलमपट्टी केली. आईला सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. (आई, हे वाचत असशील तर सॉरी.) मग पप्पांनी चहा मागितला आणि जुन्या वहीच्या पानावर मला टायर शिकवला. ते जसं समजावलं, तसंच तुम्हाला सांगते, कारण ते अवघड नाही. फक्त आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

टायरवर लिहिलेलं असतं, समजा, १००/९०-१७ ५५पी. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टक्के. म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे. १०० चे ९० टक्के, म्हणजे भिंत ९० मिलिमीटर. शेवटचे १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. मधे नुसती रेघ असेल तर टायर साध्या आडव्या-तिरप्या थरांचा, आणि आर असेल तर रेडियल.

उंची काढायची तर भिंत दोनदा धरायची, वरची आणि खालची. ९० अधिक ९०, म्हणजे १८०. त्यात १७ इंचांचे साधारण ४३२ मिलिमीटर मिळवा. झाले ६१२. एवढं गणित मलाही जमलं होतं.

मग ५५? तो वजनाचा आकडा. तो किलोत नसतो, त्याचा तक्ता असतो. ५५ म्हणजे २१८ किलो. ५२ असेल तर २०० किलो. आणि शेवटचं अक्षर म्हणजे वेग. जे म्हणजे ताशी १०० किलोमीटर, एल म्हणजे १२०, पी म्हणजे १५०, एस म्हणजे १८०. नवा टायर घेताना हा वजनाचा आकडा आणि हे अक्षर मूळपेक्षा कमी नको. आपल्याकडे एका गाडीवर नवरा, बायको, मधे एक पोर आणि हँडलला भाजीची पिशवी असते. त्यामुळे वजनाचा आकडा सोडून चालत नाही.

"मग माझं चुकलं कुठे?" मी विचारलं. "उंची तर तीच होती."

पप्पा म्हणाले, "उंची बघितलीस. रिम बघितलीस का?"

रिमलाही रुंदी असते, आणि ती रिमवरच कोरलेली असते. १३० चा टायर साधारण साडेतीन इंच रुंदीच्या रिमसाठी बनवलेला असतो. आमच्या गाडीची रिम त्याहून किमान इंचभर अरुंद. पप्पांनी वहीत चित्र काढलं. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की त्याच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जातात आणि मधला भाग वर येतो, टोपीसारखा. म्हणजे सरळ चालताना रस्त्याला टेकते ती मधली बारीक पट्टी. बाजूचं रबर दिसायला भरपूर, पण रस्त्याला लागतच नाही. वळताना गाडी एकदम कलते. मधली पट्टी लवकर झिजते.

"मोठ्या माणसाचा बूट लहान पायात घातला तर जोरात पळता येतं का? तसंच लहान बुटात मोठा पाय कोंबला तरी न्हाई पळता येत."

शिवाय रुंद टायरला पावसात जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. तो जड असतो, त्यामुळे गाडी ओढायला इंजिनाला जास्त कष्ट आणि मायलेजही कमी. आणि मडगार्ड, चेन, चेनकव्हर या सगळ्यांपासून टायरला जे मोकळं अंतर लागतं, ते उरत नाही. एकटी बसल्यावर आवाज येत नव्हता, पण पप्पा मागे बसल्यावर शॉकअब्सॉर्बर दबला आणि टायर घासायला लागला. तो खर्रर्र आवाज म्हणजे गाडी मला सांगत होती. मी ऐकलं नाही.

मी म्हटलं, "म्हणजे टायरमुळे पडलो आपण."

तर पप्पा म्हणाले, "तसं न्हाई. पाऊस होता, रंगाचा पट्टा होता, सायकलवाला आडवा आला आणि तू मागचा ब्रेक एकदम दाबलास. योग्य टायर असता तरी चाक सरकलं असतं कदाचित. पण अडचणीच्या वेळी टायरनं साथ द्यावी लागते. ह्या टायरनं साथ दिली न्हाई, एवढंच."

मला ही गोष्ट फार आवडली. मी माझ्या लेखात "रुंद टायर म्हणजे सुरक्षा" असं ठामपणे लिहिलं होतं. ज्या माणसाने हजारो टायर हातांनी चढवले-उतरवले, तो मात्र "कदाचित" म्हणत होता.

मग त्यांनी एसटीची गोष्ट सांगितली. बसच्या मागच्या बाजूला टायरांची जोडी असते ना? त्या जोडीत दोन्ही टायर एका उंचीचे लागतात. एक जरी थोडा उंच असला तर सगळा भार तोच उचलतो आणि तोच आधी फुटतो. म्हणून झिजलेले टायर रिमोल्ड करून परत लावताना जोड्या जुळवाव्या लागायच्या. "लग्नं जुळवल्यासारखं," पप्पा म्हणाले. "दिसायला कसा आहे ते न्हाई बघायचं. जोडीला चालतोय का ते बघायचं."

हे वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, पण रोख कुठे होता ते मला कळलं. असो!

जनरल पॅटर्स रोडवर

सोमवारी मी सुट्टी काढली आणि आम्ही जनरल पॅटर्स रोडला गेलो. चेन्नईत राहत असाल तर हा रस्ता माहीत असेल. माउंट रोडला लागून आहे. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या सामानाची, टायरांची दुकानंच दुकानं. पप्पा एकदम खुलले. रबराचा तो वास आला आणि त्यांचं लंगडणंही कमी झालं, शपथेवर सांगते.

वाटेत मी त्यांना या शहराची टायरची गोष्ट सांगितली. निदान एवढं तरी मी नीट तपासून घेतलं होतं. एमआरएफ म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी. १९४६ मध्ये के. एम. मम्मेन मापिल्लई यांनी चेन्नईच्या उत्तरेला तिरुवोट्टियूरमध्ये सुरुवात केली ती टायरपासून नाही, तर लहान मुलांच्या फुग्यांपासून! १९५२ मध्ये ते ट्रेड रबरमध्ये उतरले. ट्रेड रबर म्हणजे जुना टायर रिमोल्ड करताना वर जी नवी रबराची पट्टी चढवतात ती. पुरते टायर बनवायला लागले ते १९६१ पासून.

"म्हणजे आधी रिमोल्डिंगचं रबर, मग टायर?" पप्पा थांबलेच. "आमच्याच कामापासून सुरुवात झाली की मग."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. इतकी वर्षं ज्या कामाला घरात कोणी फार मोठं मानलं नाही, ते एका एवढ्या मोठ्या कंपनीचं पहिलं पाऊल होतं. त्याच तिरुवोट्टियूरमध्ये १९५० च्या दशकापासून बुलेटही बनायला लागली. आता तर चेन्नईच्या आजूबाजूला टायरचे कितीतरी कारखाने आहेत. ओरगडमला अपोलो, श्रीपेरुंबुदूरला जेके, तेरवॉय कंडिगैला मिशलिन. एवढ्या टायरच्या गावात राहून मी चुकीचा टायर घातला होता!

दुकानात एक गंमत झाली. मी साइज सांगत होते आणि दुकानदार उत्तर पप्पांना देत होता. मी विचारायचे, तो पप्पांकडे बघून बोलायचा. दोन-तीनदा झाल्यावर पप्पांनी त्यांच्या कोल्हापुरी हिंदीत सांगितलं, "गाडी उसका है, भाईसाब. उसको बताओ." दुकानदार हसला, माझ्याकडे वळला आणि मग खरंच छान माहिती दिली.

त्याने तीन गोष्टी आपणहून दाखवल्या. पहिली, टायरवरचा बाण. चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेलाच बाण हवा, नाहीतर टायरच्या नक्षीतून पाणी बाहेर पडायचं तसं पडत नाही. दुसरी, टायरचं वय. बाजूला चार आकड्यांची तारीख असते. समजा २३२४ असेल, तर २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर वापरला नसला तरी त्याचं रबर कडक होत जातं. आणि तिसरी, आयएसआयची खूण. ती आपल्याकडे सक्तीची आहे, म्हणून बघूनच घ्यायची.

मी विचारलं, "थोडा तरी मोठा नाही का घालता येणार? ११० चा?" मन काही मानत नव्हतं! तो म्हणाला, "येतो की. एक साइज वर घालणारे खूप आहेत. पण रिमला चालतो का ते टायर कंपनीच्या तक्त्यात बघा, चेनपाशी जागा आहे का बघा, मग या." पप्पांनी मान डोलावली, आणि मी निमूटपणे १००/९०-१७ घेतला. जो गाडीला पहिल्या दिवसापासून होता तोच.

परत येताना वेळाचेरीच्या सगळ्या स्पीडब्रेकरवरून मुद्दाम गेले. मागे पप्पा. एकदाही आवाज नाही.

आता तुम्ही काय कराल?

आधी गाडीपाशी जा आणि स्टिकर शोधा. बहुतेक गाड्यांना ते चेनकव्हरवर किंवा मागच्या चाकाच्या स्विंग आर्मवर असतं. त्यावर टायरचा साइज आणि हवेचा दाब दोन्ही असतात. स्टिकर निघून गेलं असेल तर गाडीबरोबर आलेलं पुस्तक बघा. "आधीच्या टायरवर जो होता तोच द्या" असं दुकानात सांगू नका. आधीच्या मालकाने किंवा माझ्यासारख्या हुशार माणसाने तिथे चुकीचाच घातलेला असू शकतो.

पुढचा आणि मागचा वेगळा असतो, हे विसरू नका. आमच्या पल्सरला मागे १००/९०-१७ आणि पुढे त्याहून अरुंद. घरी अॅक्टिव्हा ६जी असेल तर पुढचं चाक १२ इंची आणि मागचं १० इंची, त्यामुळे पुढे ९०/९०-१२ आणि मागे ९०/१००-१०. जुन्या स्प्लेंडरवर २.७५-१८ असं लिहिलेलं दिसेल. ती जुनी पद्धत, तिथे रुंदीही इंचातच. नंतरच्या स्प्लेंडरला ८०/१००-१८ येऊ लागला. तेव्हा काकांच्या जुन्या गाडीचा आकडा वेगळा दिसला म्हणून घाबरू नका.

ट्यूबलेसचंही तसंच. अलॉय व्हील दिसलं म्हणजे ती ट्यूबलेससाठीच असेल असं नाही, आणि तारांच्या चाकात तर बहुतेक वेळा ट्यूबच लागते. रिमवर काय लिहिलंय ते वाचा, दुकानदाराला वाचायला लावा.

टायर कधी बदलायचा? नक्षीच्या खाचांमध्ये मधूनमधून छोटे उंचवटे असतात. टायरच्या बाजूला त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं दिसतील, त्याच्या सरळ रेषेत शोधा. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला, की संपला. कायद्याने दुचाकीला नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर लागते. पण पावसाळ्यात त्या शेवटच्या मिलिमीटरपर्यंत थांबू नका, हे माझ्या कोपराकडून.

आणि हवा. आमच्या गाडीला पुढे २५, मागे एकटी असताना २८ आणि मागे कोणी बसलं तर ३२. तुमचा आकडा तुमच्या स्टिकरवर. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासायची. योग्य साइजचा टायर घेतला आणि हवा महिना-महिना बघितलीच नाही, तर उपयोग काय?

राहता राहिला माझा तो लेख. मी ऑफिसात जाऊन म्हटलं, तो बदलायचाय. उत्तर मिळालं, तो क्लायंट आता आपल्याकडे नाही, आपल्याला हात लावता येत नाही. मी त्यांना मेल केला. उत्तर आलं नाही. म्हणजे तो लेख अजून तिथेच आहे. माझं नाव नसलेला, ठाम, छान वाक्यांचा. आज रात्रीसुद्धा कुठल्यातरी गावात कोणी मुलगा तो वाचत असेल, आणि उद्या त्याच्या गाडीवर त्याचे पप्पा किंवा आई मागे बसणार असेल.

तो लेख मला पुसता येत नाही. म्हणून हा लिहिला, या वेळी नाव घालून. आता काहीही लिहायच्या आधी मी स्वतःला पप्पांचा प्रश्न विचारते, "आणि लिहिणारीनं कुठं वाचलं होतं?" केसगळतीवर लिहितानाही विचारते. कामाला वेळ लागतो, बॉस कुरकुरतो. कुरकुरू दे.

पप्पांचा गुडघा आता बरा आहे. पडलेल्या पँटचं भोक आईला दिसलंच, तेव्हा त्यांनी सांगितलं, "देवळाच्या पायरीवर घसरलो." दर रविवारी त्यांचा फोन येतो. आधी विचारायचे, जेवलीस का? आता विचारतात, "हवा बघितलीस का?" दोन्ही प्रश्नांचा अर्थ एकच आहे, हे मला उशिरा कळलं.

तर, वाचून झालं ना? मग मोबाइल खिशात ठेवा, खाली पार्किंगमध्ये जा आणि गाडीवरचं स्टिकर वाचून या. आणि घरी पप्पा असतील तर त्यांनाही सोबत न्या. त्यांना बरं वाटेल.